दोनशेव्या पक्ष्याची साक्षीदार

आमच्या घरात खोटं बोललेलं चालत नाही, असं माझे यजमान कृष्णकांत येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. म्हणूनच मी गेलं वर्षभर फार जपून खोटं बोलत होते.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि मी तिथून उठून थेट भाजी घेऊन घरी आले. मला साध्या सुईने घाम फुटतो, डोळ्याला हात कोण लावू देणार! नवऱ्याला अवाक्षर बोलले नाही. अर्ध्या किलोमीटरवरच्या पाखराचं शेपूट त्यांना दिसतं, पण बायकोने आमटीत मिठाऐवजी साखर घातलेली कळत नाही.

त्यांच्या पक्षिमित्र मंडळाचा नियम कडक. पक्षी यादीत चढवायचा तर तो दुसऱ्या कुणीतरी पाहून वहीत सही करायची. त्यांचा जोडीदार गुरुदत्त गेल्या वर्षी लेकीकडे पुण्याला राहायला गेला, तेव्हापासून ही सहीची नोकरी माझ्या गळ्यात. यादी एकशे नव्व्याण्णववर अडली होती. दोनशेव्यासाठी हा माणूस झोपेतसुद्धा दुर्बीण शोधायचा.

ऑक्टोबरातल्या रविवारी आम्ही करंजाड्याहून स्कूटरने उरणकडच्या राखीव पाणथळीवर गेलो. बांधावर नेहमीची गोदू बसली होती. शेजारच्या तळ्यात तिने जिताडे मासे पाळलेत, आणि ते खायला येणाऱ्या बगळ्यांना ती ताट बडवून हाकलते. आमच्याकडे बघून तिने ताट बाजूला ठेवलं, हेच मोठे उपकार. कृष्णकांत बोट दाखवायचे, मी "अगंबाई, किती सुंदर!" म्हणायचे. सकाळ मजेत चालली होती.

एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं. "दमयंती! ॲव्होसेट! चोच बघ, वर वळलेली. दिसला?"

"दिसला की! पांढराशुभ्र. किती शांत बसलाय!"

"काकी," गोदू म्हणाली, "तुमी बगता ती सिमेंटची गोनी हाय. पाखरू हिकरं हाय."

"उन्हाने दिपली असेल," कृष्णकांत हसले आणि वही-पेन माझ्यापुढे धरलं. त्यांना शंकासुद्धा आली नाही. माझी मेलीची लाज वाटली मला. सही केली असती तर दोनशे झाले असते.

"मला नाही दिसत हो," मी म्हटलं. "गोणीसुद्धा आत्ता कळली. मोतीबिंदू आहे, वर्ष झालं."

ते ओरडतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते खाली बसले, वहीची पानं मागे उलटली आणि माझी सही असलेला एकेक पक्षी खोडू लागले. एकूण तेवीस.

गोदू कळवळली. "मना दिसतंय ना पाखरू! माजी सई घ्या."

"नको, गोदू." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एकशे शहात्तर."

"अहो, खोडलेत कशाला? तुम्ही तर खरेच पाहिलेत ना!"

"मी पाहिले. पण मला वाटत होतं, आपण दोघं बघतोय."

मी पदराने डोळे पुसले, पर्समधून डॉक्टरांचं कार्ड काढलं आणि मोबाइलसकट त्यांच्या हातात दिलं.

"लावा फोन," मी म्हटलं. "मला त्यावरचा नंबर वाचता येत नाही."