शेजारचं भांडं

रखमाने जाईबाईची वाटी धुऊन पुसली आणि शेजारचं भांडं रिकामं जाऊ नये म्हणून तीत चिमूटभर साखर टाकली. ती दाराकडे निघाली तेवढ्यात हेमांगी म्हणाली,

“उद्या गाडी येणारे मला न्यायला. कंपनीची.”

“गाडी कशाला? तुझा तर बसचा पास आहे.”

“पुढच्या गेटवर स्टाफ बसलाय, संपावर. आम्हाला मागच्या गेटने आत नेणार.”

बाहेर गॅलरीत रखमाचा नवरा धोंडू पेपर वाचत बसला होता. पान उलटल्याचा आवाज अर्ध्यावरच थांबला.

रखमाने वाटी हळूच फळीवर ठेवली. लेकीच्या तोंडून संप हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला. हेमांगी बिझनेस आयटीच्या शेवटच्या वर्षाला होती. सहा महिने एखाद्या कंपनीत काम केल्याशिवाय पदवी मिळत नव्हती. कॉलेजच्या भाषेत त्याला प्लेसमेंट म्हणत; चाळीच्या भाषेत धोंडू परबाची मुलगी शिवडीला औषधांच्या कंपनीत लागली होती. गिरणी सुटल्यावर धोंडूने वॉचमनकी केली आणि रखमाने साड्यांना फॉल लावता लावता डोळे अधू करून घेतले, त्यातून हे शिक्षण उभं राहिलं होतं.

“तुझ्याबरोबरची पोरं?”

“जगदीश येतोय. बाकीचेही येतील. कॉलेजमधून सरांचा फोन होता. कम्प्लिशन सर्टिफिकेट कंपनी देते, आई. नाही गेले तर वर्ष गेलं.”

“पण बसलेत कशाला ते?” गॅलरीतून धोंडूने विचारलं.

हेमांगी गळ्यातल्या ओळखपत्राची निळी फीत बोटाला गुंडाळत राहिली. कंपनीत तिचं पहिलं काम सोपं होतं. ऑर्डर कोण घेतो, कोण बिल करतो, माल कोणाकडे जातो, हे विचारून त्याचा नकाशा काढायचा. ऑर्डर विभागातल्या नानांनी तिला पंख्याखालची स्वतःची खुर्ची दिली होती आणि सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मग तिने दुसरा नकाशा काढला, नवी सिस्टिम आल्यावरचा. त्यात नानांच्या नावाचा चौकोन नव्हता. मॅनेजरांनी सर्वांसमोर तिचं कौतुक केलं. तिलाही त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणंच आता तिला खात होतं.

“काही लोकांना काढणारेत,” ती म्हणाली. “सिस्टिम आली म्हणून.”

“आणि सिस्टिम कोण चालवणार?”

“सध्या आम्हीच.”

धोंडू उठून दारात आला. “तू शिकूक गेलंस. कोणाच्या जागेर बसूक नाय.”

“बाबा, ही नोकरी नाहीये. प्लेसमेंट आहे.”

“गेटाबाहेरच्या माणसाक ता सांग.”

“तुमी गप ऱ्हवा!” रखमा एकदम ओरडली. “एकदा तुमचा ऐकला. काय रवला हातात? ती जातली. तिचा वर्ष मी फुकट जावक देवची नाय.”

चाळीतल्या भिंती खिळे ठोकायला बऱ्या असतात, आवाज अडवायला नाही. जेवणं होईपर्यंत बातमी जिन्याच्या टोकापर्यंत पोचली. वाटी द्यायला रखमा गेली तेव्हा जाईबाईने ती घेतली, पण रोजच्यासारखं आत बोलावलं नाही. गिरणगाव उपाशी काढलेले दिवस विसरतं. कोण आत गेलं ते विसरत नाही.

ते रखमाला कुणी सांगायला नको होतं. गिरण्यांच्या संपाच्या पहिल्या पावसाळ्यात समोरच्या खोलीतला तुळशीदास मागच्या दाराने गिरणीत गेला. घरात तान्हं मूल आजारी होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धोंडू तेव्हा गेटवर घोषणा देणाऱ्यांत पुढे होता. गॅलरीतल्या बायकांनी ठरवलं, तुळशीदासाला बांगड्या पाठवायच्या. पण त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवणार कोण? जिचा नवरा गेटवर पुढे, तिने. रखमा नवी नवरी होती. माहेरहून आलेल्या, नाव कोरलेल्या स्टीलच्या ताटात हिरव्या बांगड्या ठेवून ती गेली. तुळशीदास घरी नव्हताच. दार त्याच्या बायकोने, शेवंताने उघडलं. मूल तिच्या खांद्यावर होतं. तिने ताट घेतलं आणि दार लावलं.

ताट परत आलं नाही. मागायला रखमाला तोंड नव्हतं. शेवंताने ते भंगारात दिलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढे गिरण्याच गेल्या, आत गेलेले आणि बाहेर बसलेले सारखेच रिकामे झाले. तुळशीदासही वारला. मयताला धोंडू गेला, पण त्या घरचं पाणी तो कधी प्यायला नाही. दोघी बायकांचं बोलणं नळ आला, नळ गेला, एवढ्यापुरतं उरलं.

सकाळी हेमांगी तयार होऊन बसली. रखमाने तिचा डबा घासून ठेवला होता, पण भाजीला फोडणी द्यायला तिचा हात होत नव्हता. कोणत्याही क्षणी दारावर कुणीतरी येईल आणि तिच्या हातात ताट असेल, असं तिला पहाटेपासून वाटत होतं. धोंडू गॅलरीच्या कठड्याला टेकून खाली बघत होता.

दारावर खरंच कुणीतरी आलं. शेवंता होती. हातात ताट होतं, वर पांढरं फडकं झाकलेलं.

रखमाने लेकीला मागे सारलं आणि स्वतः पुढे झाली. जे काही असेल ते आपल्या हातात पडावं, पोरीच्या नको.

“वयनी, ह्यां ताट तुमचां,” शेवंता म्हणाली.

काठावर बारीक अक्षरं होती. रखमाचं माहेरचं नाव. घासून घासून अर्धं पुसलेलं.

“रिकामां कसां देवचां? तेव्हा घालूक घरात काय नव्हतां. मगे आज देतंय, उद्या देतंय करता करता ऱ्हवलांच.”

तिने फडकं बाजूला केलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, अजून वाफ येत होती. बाजूला सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा. शेवंता रखमाच्या खांद्यावरून हेमांगीकडे बघत होती.

“आत खावक मिळत नाय गो बाय. कॅन्टिन पयलां बंद करतत. आमच्या ह्यांका तेव्हा खूप दिस धड काय मिळाक नाय. मी डबो करून बसलंय, पण नेवक कोण तयार नव्हतो.” तिने ताट पुढे केलं. “तू ह्यां घेवन जा. तुका कोण काय बोलाचो नाय. मी आसंय हंयसर.”

तिच्या आवाजात टोमणा असता तर रखमाने तो सोसला असता. तो नव्हता. ताट घ्यायला पुढे झालेल्या रखमाच्या मनगटावर बांगड्या होत्या, साध्या, हिरव्या, नेहमीच्या.

“काकी, बसा ना,” हेमांगी कसंबसं म्हणाली.

“नळ येतलो,” शेवंता म्हणाली आणि गेली.

खाली हॉर्न वाजला. हेमांगीने ओळखपत्र गळ्यात घातलं, बॅग उचलली आणि आईकडे पाहिलं. डबा भरून मिळण्याची वाट बघत ती उभी राहिली.

शेवंताने काढली तशी वर्षं पोरीला काढायला लागू नयेत, एवढंच रखमाला कळत होतं. तिने डबा उघडलाच नाही. तिने खाली पाट मांडला आणि ताट पाटापुढे ठेवलं.

“बस. घरातच खा.”

“आई, गाडी आलीय.”

“ऐकलंय मी.”

“वर्ष जाईल.”

“जायत,” रखमा म्हणाली. कालपासून हाच शब्द तिला नको होता. पण तिने तो परत घेतला नाही.

हेमांगीने फीत गळ्यातून काढून खिळ्याला अडकवली आणि पाटावर बसली. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी जास्त वेळ. चाळीतल्या एकेका दारातून माणसं कठड्याशी आली असावीत. गाडी वळल्याचा आवाज झाला, आणि मग नळाला पाणी आल्याचा.

भाकरीला हात न लावता हेमांगी बसून होती. धोंडू आत आला. मोरीवर जाऊन त्याने हात धुतले, पंच्याला पुसले आणि लेकीसमोर मांडी घालून बसला. बराच वेळ तो ताटाच्या काठावरची अक्षरं बघत राहिला. मग त्याने शेवंताच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

रखमाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. फडकं तिने घडी करून फळीवर ठेवलं आणि त्यात बांधून द्यायला घरात काय आहे, ते बघायला एकेक डबा उघडू लागली.