‘आई गं’चा गठ्ठा

“चाळीस पानं झाली, अजून हा माणूस खिडकीतूनच बघतोय,” गालाला रुमाल बांधलेला पेशंट पुटपुटला. तो कुणाशी बोलत नव्हता. पण दवाखान्याची बाहेरची खोली एवढीशी होती, की तिथं स्वतःशी बोललेलंही सगळ्यांच्या मालकीचं व्हायचं. त्यानं आणखी दोन पानं उलटली. “हं. आता दिवा लावला. तोंड नाही उघडलं अजून.”

टेबलामागं बसलेल्या आत्याबाईंना वाटलं, उठून या माणसाला आधी नंबर द्यावा.

दाताच्या या दवाखान्यात त्या एकोणीस वर्षं पेशंटांच्या वेळा लिहून घेत होत्या, फोन उचलत होत्या आणि आतून किंकाळी आली की बाहेरच्यांना “काही नाही हो, नुसतं तोंड उघडायला सांगितलंय,” म्हणून धीर देत होत्या. भाची लहानपणी आतल्या खुर्चीत बसून “आत्याऽऽ” असं किंचाळली होती, तेव्हापासून डॉक्टरांसकट सगळ्यांच्या त्या आत्याबाई.

आता ती भाची मोठी झाली होती. पुस्तकांची मांडणी करायची, म्हणजे कुठल्या पानावर काय घ्यायचं, कव्हर कसं असावं, वगैरे. स्वतःचं कपाट ओसंडलं की चित्रांच्या कादंबऱ्या इथं आणून टाकायची. “ग्राफिक नॉव्हेल म्हण गं आत्या,” असं दर वेळी बजावायची. आत्याबाईंनी त्या सगळ्या दोन पेशंटांच्या मधल्या वेळात चाळल्या होत्या आणि त्यांची मतं ठाम होती. एक तर ही पुस्तकं भलती जड. दाढ धरून आलेला माणूस जाताना मांडीही धरून जायचा. शिवाय काळोखी. “तो मनातला अंधार आहे,” भाची समजावायची. “असू दे ना मनात. काळ्यावर करडी अक्षरं कोण वाचणार? माझा चष्मा काय मनातला आहे?” आणि त्यातली माणसं एवढी घुमी का असावीत? एक पानभर कपबशी, एक पानभर रिकामी खुर्ची, मग पुन्हा कपबशी. घरात असं कुणी वागलं तर आपण विचारतो, बाबा रे, झालंय काय?

एका पुस्तकानं मात्र त्यांना धरलं होतं. त्यात एक मुलगी आईचे केस विंचरते आणि आईला ती कोण ते आठवत नाही, बस, एवढंच. पण आई मान कशी मागे टाकते ते असं काढलं होतं, की फोन वाजून वाजून थांबला तरी आत्याबाईंचा हात पोचला नाही. हे त्यांनी भाचीला सांगितलं नाही. उगाच भाव खाल्ला असता पोरीनं.

व्यंगचित्रांचे संग्रह त्यांना जास्त सोसायचे. कुठूनही शिरा, हाक आली की मध्येच उठा. पण ओळीनं वीस चित्रं बघितली की भूल दिल्यासारखं डोकं बधिर व्हायचं. रोज एक गोळी म्हणून लिहून दिलेलं औषध कुणी बाटलीभर पाजावं, तसे हे संग्रह.

आणि आता तसाच एक संग्रह त्यांच्या टेबलाखाली बुटांच्या खोक्यात बसला होता. दादाचा.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. बत्तीस वर्षं पेपरात रोज व्यंगचित्राची एक चौकट. आठ दिवसांपूर्वी भाचीनं खोकं आणून दिलं. “तीनशे आहेत. शंभर निवड. बाबांना कुणा जाणकाराचं मत नकोय, साध्या वाचकाचं हवंय.”

“म्हणजे अडाण्याचं.”

“म्हणजे तुझं,” भाची म्हणाली आणि लगेच नजर चुकवून छत्री शोधायला लागली. छत्री तिच्या हातातच होती.

नजर चुकवायला कारण होतं, आणि ते घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी दादाचा हात कापायला लागला. आधी तो पेन्सिलीनं काढायचा आणि वहिनी शाई भरायची. पुढं पेन्सिलीची रेघच थरथरायला लागली, ती वहिनी सरळ करायची. मग एक दिवस पेपरचा माणूस दारात येऊन उभा राहिला आणि टेबलावर कोरा कागद. वहिनीनं त्याला पाणी दिलं आणि तो पिऊन होईपर्यंत चित्र दिलं. त्यानंतर दादा रोज सकाळी “काहीतरी महागाईवर काढ” म्हणायचा आणि डुलकी घ्यायचा. वहिनी काढायची त्यात महागाई औषधालाही नसायची. खाली सही दादाची, तीसुद्धा तिनंच केलेली. हुबेहूब. दादाला स्वतःला तशी येईनाशी झाली होती. घरात या सगळ्याला एक शब्द होता : वहिनी मदत करते. मदत!

आणि भाचीनं केलेल्या कव्हरवर दादाचं नाव होतं, हातभर. वहिनीचं नाव कव्हरवर नव्हतं, आत नव्हतं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरांतही नव्हतं. पुस्तक छापून आलं की ती सहा वर्षं कायमची दादाची होणार होती. “मी काय करू आत्या? बाबांना दुसरं आहे काय?” भाचीनं विचारलं होतं. आत्याबाईंनी नुसतं खोकं टेबलाखाली सरकवलं होतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप येत होता. चांगली चार शहाणी माणसं, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

निवड त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. दाढ ठणकणारा माणूस उगाच हसत नाही. त्याला परवडत नाही. तो तुमचं मन राखायला हसत नाही, आपल्याला कळलं हे दाखवायलाही हसत नाही. खरंच हसू फुटलं तर लगेच गाल धरून “आई गं” म्हणतो. आत्याबाईंनी आठवडाभर येईल त्या पेशंटाच्या हातात दहा-बारा चित्रं दिली आणि दोन गठ्ठे केले. एक ‘आई गं’चा, दुसरा ‘हं’चा.

“आत्याबाई, माझे पेशंट आत येण्याआधीच विव्हळतायत,” डॉक्टर दारातून म्हणाले.

“तुमचंच काम सोपं करतेय. तोंडं उघडून ठेवते.”

एका चित्रावर तर रूट कॅनॉलवाल्या बाईंनी ओंजळीत तोंड धरून दोन मिनिटं काढली. तपासणीच्या टेबलावर नवरा, शेजारी बायको, आणि त्याला काय काय होतंय ते तीच सांगतेय. डॉक्टर नवऱ्याला म्हणतायत, “तुम्ही जरा बाहेर बसा, मला पेशंटशी बोलू द्या.”

शंभर झाली तेव्हा आत्याबाईंनी ‘आई गं’चा गठ्ठा पालथा घातला. प्रत्येक चित्रामागं पेन्सिलीनं तारीख होती. त्र्याऐंशी चित्रं गेल्या सहा वर्षांतली निघाली. खरं तर तारीख बघायचीही गरज नव्हती. जुन्या चित्रांत बाई कायम दारात, हातात ट्रे घेऊन उभी असायची. नव्या चित्रांत ती बसायला लागली होती. खुर्चीत बसायची, पायरीवर बसायची, एकदा तर चक्क साहेबाच्या टेबलावर.

दुपारी अर्धी सुट्टी काढून त्या खोकं घेऊन दादाकडं गेल्या. फाईल उद्या सकाळी छापायला जाणार होती. दादा खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून. हल्ली तो तसाच बसायचा आणि विचारलं तर म्हणायचा, गार पडतो. भाची लॅपटॉप उघडून समोर.

दादानं डाव्या हातानं गठ्ठा चाळला. त्याचा चेहरा हळूहळू आंबट व्हायला लागला.

“उमेदीच्या काळातली सतराच? सव्वीस वर्षांतली सतरा?”

“पेशंटांनी निवडलीत,” आत्याबाई म्हणाल्या.

“दातदुख्यांना काय कळतंय चित्रातलं?”

“त्यांनाच कळतं. बाकीचे तुझ्या तोंडाकडं बघून हसतात.”

“आणि हे कुठं गेलं? खुर्चीला चिकटलेला पुढारी, मागून चौघं ओढतायत! हे गाजलं होतं. दिवसभर फोन येत होते.”

“येत होते. त्यातले दोन माझे होते, आवाज बदलून.”

दादानं ते ऐकू आलं नसल्यासारखं केलं. आत्याबाईंना लगेच वाईट वाटलं. दादा तसा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्या शाळेत गणितात नापास झाल्या तेव्हा यानंच त्यांच्या वहीत मास्तरांना बाकावर उभं केलं होतं, अंगठे धरून. दोघांनीही मार खाल्ला. पण त्या रात्री त्या रडायच्याऐवजी उशीत तोंड खुपसून हसल्या होत्या. असल्या भावाला काय म्हणायचं, की बाबा रे, या शंभरातली उरलेली त्र्याऐंशी चित्रं तुझी नाहीत?

“बाबा, उत्तरकाळात तुमची रेघ मोकळी झालीय,” भाची पडद्याकडं बघत म्हणाली.

“झालीच आहे. हात कापतो ना, त्यानं एक जिवंतपणा येतो रेघेत.”

आत्याबाईंनी गठ्ठ्यातलं वरचं चित्र डोळ्यांसमोर धरलं. रेघ ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ होती. त्यांनी भाचीकडं बघितलं. भाचीनं लॅपटॉपच्या कळांवरची नसलेली धूळ पुसली.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. दारात क्षणभर थांबली, हातात ट्रे.

“या वन्सं, केव्हा आलात? मला हाक नाही मारलीत.”

“बस ना वहिनी इथं. तुझं काय मत? ही शंभर बरोबर आहेत?”

वहिनीनं दादाच्या पुढ्यात अर्धाच भरलेला कप ठेवला, सांडू नये म्हणून, आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. गठ्ठा तिनं हातात घेतला नाही. लांबूनच बघितला, दुसऱ्याच्या घरी वाढणारं आपलं मूल बघावं तसा. “मला काय कळतंय,” म्हणाली.

“तुला नाही तर कुणाला कळणार?” आत्याबाईंचा आवाज चढला.

भाचीनं मान वर केली. दादाचा कप बशीवर किणकिणला. झालं, आता बोलूनच टाकावं, असं आत्याबाईंच्या अगदी जिभेवर आलं, आणि त्यांनी काय केलं? “म्हणजे रोज बघतेस ना,” म्हणाल्या. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना. एकोणीस वर्षं लोकांना तोंड उघडा म्हणून सांगणारी बाई ही!

“मनोगत राहिलंय बाबा,” भाची घाईघाईनं म्हणाली. “एक पान मोकळं ठेवलंय. तुमच्या हस्ताक्षरात छापायचं ठरलंय ना?”

“हो हो.” दादाला बरंच वाटलं. “घे गं लिहून.”

वहिनीनं पेन आणलं, कागद पुढं ओढला. दादाचं हस्ताक्षर हल्ली तीच काढायची. बँकेच्या कागदांपासून नातेवाइकांच्या पत्रांपर्यंत. दादा डोळे मिटून सांगायला लागला.

“गेली बत्तीस वर्षं रोज सकाळी मी या टेबलाशी बसलो...”

पेन चालू लागलं. डावीकडं झुकलेली, शेवटी फराटा मारणारी दादाची अक्षरं एकामागून एक उमटत होती. वाचकांचे आभार झाले, पेपरचे झाले. आत्याबाई श्वास रोखून ऐकत होत्या. आता म्हणेल. निदान एक ओळ तरी म्हणेल.

“गेल्या सहा वर्षांत,” दादा म्हणाला आणि थांबला. डोळे उघडून त्यानं तिघींकडं पाळीपाळीनं बघितलं. मग खिडकीकडं बघत भराभर बोलायला लागला, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. “गेल्या सहा वर्षांत हातानं साथ सोडली, पण मी थांबलो नाही. ही सगळी चित्रं मी...”

पेन थांबलं.

“लिहिलंस?”

“‘थांबलो नाही’पर्यंत लिहिलं.”

“मग पुढं लिही. ही सगळी चित्रं मी एकट्यानं काढली.”

बोलण्याच्या भरात त्याचा उजवा हात मांडीखालून सुटून टेबलावर आला होता आणि कागदाच्या कडेवर टपटप आपटत होता. त्याकडं न बघण्याची इतकी सवय झाली होती सगळ्यांना, की आज बघितलं तेव्हा आत्याबाईंना तो पहिल्यांदाच दिसल्यासारखा वाटला. वहिनीनं आपला डावा हात त्यावर ठेवला. आपटणं थांबलं. उजव्या हातानं तिनं पेनाला टोपण लावलं.

“अगं, लिही ना. उद्या सकाळी द्यायचंय.”

“हे नाही लिहिणार मी,” वहिनी म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, चहात साखर किती असं विचारावं तसा. “सही केली, रोज केली. पण हे नाही. ही चित्रं मी काढलीत.”