पुढच्या सीटवर राहीबाई

आटपाडीत पाऊस पडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी त्या श्रावणात माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी भर उन्हात वायपर फरफर हलवत बाजारपेठेतून चालली होती आणि टपरीवरची माणसं पोट धरून हसत होती. गाडी चालवत होती नुरगुल. शेजारी मी बसलो होतो. कुठं तोंड लपवू असं मला झालं होतं.

मी लालासाहेब. सैन्यात सतरा वर्षं थ्री-टन ट्रक चालवला, तोही लेहच्या घाटांत. गाव माझं रहिमतपूर. बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून आटपाडीला आलो. त्याला वीस वर्षं झाली, तरी मी अजून 'रहिमतपूरचे मास्तर'च आहे. मला दोन गोष्टींचा मनस्वी राग येतो. एक, क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणारा माणूस. दुसरी, रस्त्यावरची मेंढरं. आटपाडीत राहून मेंढरांवर राग धरणं म्हणजे पाण्यात राहून ओलं व्हायला नकार देण्यासारखं आहे, पण राग काही विचारून येत नाही.

नुरगुल ही मेंढरं राखणाऱ्या राहीबाईंची थोरली सून. राहीबाईंचा मुलगा धुळा डॉक्टर व्हायला किरगिझस्तानात बिश्केकला गेला, तो येताना डिग्री आणि बायको दोन्ही घेऊन आला. गल्लीतल्या बाया आठवडाभर तिला बघायला येत होत्या. राहीबाईंनी मात्र तिला पहिल्याच दिवशी मेंढरांत नेलं. नुरगुलनं एक मेंढी धरली, तिचा ओठ वर करून दात पाहिले आणि तीन बोटं दाखवली. मेंढी खरंच तीन वर्षांची होती. नुरगुलच्या आजोबांची डोंगरावर चारशे मेंढरं होती म्हणे. त्या दिवसापासून दोघींचं असं जमलं, की धुळाला सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली तरी ती सासूजवळच राहिली. तिला मराठी राहीबाईंनीच शिकवली, त्यामुळं ती बोलायची ती थेट रानातली भाषा.

शिकवणी लावायला राहीबाई स्वतः आल्या होत्या.

"मास्तर, माझ्या नुराला दिवाळीच्या आत लायसन पायजे."

"एवढी घाई कशाला, राहीबाई?"

त्यांनी पाय पुढं केला. गुडघा सुजून टम्म झाला होता.

"पंचेचाळीस वरसं झाली, दिवाळी सरली की मी मेंढरामागं चालत निघते. आता डॉक्टर म्हन्तो, चालायचं न्हाई. बिराप्पा, माझा धाकला, मेंढरं घिऊन जाईल. कोकरं आन् बिऱ्हाड न्यायला जुना पिकअप घेतलाय. पर सा म्हयनं रानात ऱ्हायला ड्रायव्हर कोन येतंय? नुरा येती म्हन्ती. तिला लायसन मिळालं तर मी पुढच्या सीटवर बसून जाईन. न्हाई मिळालं तर हितंच दारात बसायचं, रिकाम्या वाघराकडं बघत."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. राहीबाई हसत बोलल्या, पण मला काही हसू आलं नाही.

गाडी नुरगुलला येत होती. बाराव्या वर्षी तिनं आजोबांचा ट्रक डोंगरावर चढवला होता. पण त्यांच्याकडं सगळं उलटं. गाड्या उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडं असतं. गिअर टाकायला तिचा उजवा हात जायचा आणि दारावर आपटायचा. इंडिकेटर द्यायला जावं, तर वायपर सुरू. आणि हॉर्न? हॉर्न ती वाजवायचीच नाही.

"हॉर्न दे की!" रस्त्यात एखादा म्हातारा आडवा आला की मी ओरडायचो.

"मास्तर, आमच्याकडं हॉर्न म्हंजी शिवी. त्या म्हाताऱ्यानं माझं काय वाईट केलंय?"



आमच्याकडं महिन्यातून एकदा आरटीओचं शिबिर भरतं. भाद्रपदातल्या शिबिरात तिची पहिली टेस्ट झाली. इन्स्पेक्टर उत्कर्षा मॅडम शेजारी बसल्या आणि मी मागं. सुरुवात झकास झाली. मग मॅडम म्हणाल्या, "गाडी वळवून परत चला." तिनं वळवली, आणि सवयीनं थेट उजव्या बाजूला घातली. समोरून एसटी! मॅडमनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून वाचलो.

"नापास," मॅडम म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. "आणि एवढ्या वळणांवर एकदाही हॉर्न नाही?"

घरी सोडलं तेव्हा राहीबाई दारातच होत्या. नुरगुल त्यांच्या पायाशी बसली आणि हमसून रडायला लागली. राहीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आत जाऊन काळ्या लोकरीचा दोरा आणला, तिच्या डाव्या मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, "मेंढरू चुकायला लागलं की आमी खूण बांधतो. ही तुझी बाजू. हिकडंच ऱ्हायाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वतःच गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. पुढचा महिनाभर रोज तेच. प्रत्येक वळणावर मी म्हणायचो "दोरा!" आणि ती मनगटाकडं बघायची. दहा दिवसांनी मी म्हणायचं थांबलो. वीस दिवसांनी तिनं बघायचं थांबवलं. हॉर्नवर तडजोड झाली. आंधळ्या वळणावर द्यायचा, कारण तिथं तो "मी येतेय" असं सांगतो. ही गोष्ट तिला पटली.

दुसरी टेस्ट दिवाळीच्या आठ दिवस आधी. मॅडम त्याच. आता चुकलं तर पुढचं शिबिर मेंढरं गेल्यावर. लेहच्या घाटातसुद्धा मला कधी असा घाम फुटला नव्हता.

वळणं झाली, चढावर थांबून गाडी उचलणं झालं. गाडी वळवून परत फिरणंही झालं, अगदी डाव्या बाजूनं. आता मैल-दीड मैल राहिला होता. ओढ्यावरच्या फरशी पुलाजवळ आलो आणि समोरून मेंढरं! दोन-अडीचशे तरी असतील. अख्खा पूल भरलेला. आमच्या मागं एक टेंपो आणि एक ट्रॅक्टर येऊन थांबले आणि दोघांनी हॉर्नचा धडाका लावला. मेंढरांच्या पुढं चालणारी बकरी त्या आवाजानं बिथरली आणि पुलाच्या मधोमध थिजून उभी राहिली. मागची मेंढरं तिच्यावर रेटायला लागली. कठडा नव्हता. बारकी कोकरं कडेला ढकलली जात होती.

"हॉर्न दे!" माझ्या तोंडातून गेलंच. "नुरगुल, हॉर्न!"

मॅडमनी मागं वळून माझ्यावर डोळे वटारले.

नुरगुलनं हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. "मॅडम, दोन मिनिटं," एवढं म्हणाली आणि डोकं खिडकीबाहेर काढून मागच्या टेंपोवाल्यावर कडाडली, "ए दादा, भोंगा बंद कर! कोकरं मरत्याल!"

टेंपोवाला हबकला. परदेशी चेहरा आणि तोंडात अस्सल माणदेशी! दोन्ही हॉर्न बंद पडले. मग तिनं जीभ टाळूला लावून राहीबाई मेंढरांना घालतात तशी हाक काढली, टर्रर्र... हो हो हो. त्या बकरीनं कान टवकारले. पुन्हा हाक. बकरी हलली, आमच्या गाडीच्या उजव्या अंगानं चालू लागली आणि तिच्यामागं मेंढरांचं सगळं खांड ओघळलं. मेंढक्या धावत आला, त्यानं शेवटचं कोकरू काखेत घेतलं आणि आमच्याकडं बघून पागोट्याला हात लावला. एकही मेंढरू खाली पडलं नाही.

नुरगुलनं गाडी सुरू केली, डावीकडून पूल ओलांडला आणि पुढच्या आंधळ्या वळणावर एकदाच, बारीकसा हॉर्न दिला.

गाडी थांबल्यावर मॅडमनी कागदावर गुण भरले. मग विचारलं, "गाडी कशासाठी हवीय तुम्हाला?"

"सासूला मेंढरामागं न्यायचं हाय."

मॅडमनी सही केली. "न्या," म्हणाल्या. "पास."

मी गाडीतून उतरलो आणि शिबिरातल्या साठ-सत्तर माणसांसमोर जोरात शिट्टी मारली. माझ्या वयाला ते शोभलं नाही, पण त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

लायसन फोनवर आलं. राहीबाईंचं तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा मी रंगीत प्रिंट काढून दिली. त्यांनी त्यावरच्या फोटोला हळदकुंकू लावलं आणि तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

पौषात मी रहिमतपूरला भावाकडं गेलो होतो. ऊस तुटून रान मोकळं झालं होतं. त्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची म्हणून मीच राहीबाईंना सांगावा धाडला होता. सकाळी मी रस्त्यावर वाट बघत उभा होतो. आधी मेंढरं आली. त्यांच्यामागं, त्यांच्याच चालीनं, पिकअप. मागच्या हौद्यात कोकरं, भांडी, कोंबड्या. स्टिअरिंगवर नुरगुल, मनगटाला दोरा अजून होता. आणि पुढच्या सीटवर राहीबाई, काच खाली, कोपर बाहेर, मांडीवर काठी.

मागून एक मोठी चकचकीत गाडी आली. तिच्यातला माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला होता. माझं डोकं फिरलं. मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्याच्या काचेवर बोटानं टकटक केलं.

"गाडी कुणी शिकवली रं तुला? भोंगा बंद कर. मेंढरं चाललीत, दिसत न्हाई व्हय?"

पिकअपच्या खिडकीतून राहीबाईंनी मागं वळून पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या.

"आवं मास्तर," त्या ओरडल्या, "तुमी कवापासनं आमच्यातलं झाला?"