आधी तुम्ही हात घाला

वसुधा जाऊन चार महिने झाले, तरी तिचं प्रदर्शन काही लागेना. अंधशाळेत ती मुलांना मातीकाम शिकवायची. मुलांनी केलेल्या वस्तू डोळसांनी न बघता, नुसत्या हातांनी ओळखाव्यात, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तिच्या नवऱ्याने, हेरंबने, सात बंद खोकी करून घेतली. प्रत्येकाला हात जाईल एवढं भोक, त्यावर कापडाची बाही.

पण साल अठ्ठ्याऐंशी, पंजाबात बॉम्बस्फोटांचे दिवस. चंदीगडात बसमध्ये, थिएटरात, जिथे जावं तिथे एकच पाटी : बेवारस वस्तूला हात लावू नका.

परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला ठाणेदार जोगिंदरसिंग तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये खोक्यांभोवती फिरत होता.

"झाकणं काढून ठेवू या ना, भावजी," मंडळाची सेक्रेटरी सुहासिनी हळूच म्हणाली.

"मग खेळण्यांचं दुकानच मांडू! डोळ्यांवर पट्ट्या बांधू म्हटलं, तर तुमचीच माणसं बिथरली. आम्ही काय ओलीस आहोत, म्हणाली."

तेवढ्यात हवालदार ओरडला, "साबजी, टिकटिक!"

हॉल क्षणात रिकामा झाला. हेरंबने कपाळाला हात लावला. एका मुलीने मातीचं घर केलं होतं. घरात घड्याळ हवंच, म्हणून सकाळी त्यानेच गजराचं घड्याळ किल्ली देऊन आत ठेवलं होतं, आणि सांगायचं विसरला होता. ते काढून तो बाहेर आला.

"दिमाग खराब है आपका?" ठाणेदार कडाडला. "बंद करो ये नुमाइश!"

"चार महिने हो गए जी! तीन बार डिब्बे खोलके देखे आपने. आज खुद हाथ डालके देखो."

"मैं?" ठाणेदार मागे सरकला. "मेरी दो बेटियाँ हैं जी."

हेरंबच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच राहिली.

ठाणेदाराने मिशी ओढली. "पहले आप डालो. हर आदमी के सामने, हर डिब्बे में. मंजूर है तो लगाओ."

"दोनशे माणसं येतील, भावजी! हात सोलून निघेल तुमचा."

"निघू दे!"

हेरंबने तिरीमिरीत आत जाऊन पहिल्या खोक्यात कोपरापर्यंत उजवा हात घातला, आतली मातीची चिमणी चाचपली आणि बाजूला झाला. मागोमाग आलेल्या ठाणेदाराने मनगटावरचं घड्याळ काढून हवालदाराकडे दिलं आणि उजवा हात पाठीमागे ठेवून डावा पुढे केला. हेरंबने तो खाली दाबला आणि त्याच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं.