ऑसेच्या यादीची चित्रफीत

मित्रांनो, मी एक जुनी चित्रफीत आहे. माझ्यात माणसं नाहीत. संगणकाचा पडदा आणि त्यावर फिरणारा बाण, एवढाच माझा चार मिनिटांचा संसार.

डेन्मार्कमधल्या एका लहान गावच्या वाचनालयात माझा जन्म झाला. थोरकिल नावाचे म्हातारे गृहस्थ तिथे आले होते. त्यांच्या बायकोची, ऑसेची, दृष्टी गेली होती. तिला ऐकायची पुस्तकं हवी होती आणि ती संगणकावरूनच मागवावी लागत. तिने सांगितलेली चाळीस नावं त्यांनी यादीत भरली. ग्रंथपाल मायब्रिट म्हणाली, "थोरकिल, पुढचं तूच कर. मी पडद्यावर घडेल ते टिपून ठेवते, म्हणजे घरी बघून शिकशील." हेतू चांगला होता. पण गडबडून थोरकिलनी 'मागवा' सोडून 'सगळं काढा' दाबलं आणि यादी गेली. कसनुसं हसून ते निघून गेले, ते कितीतरी दिवस फिरकलेच नाहीत.

मायब्रिटने माझ्यातला आवाज काढला, थोरकिलचं नाव काढलं आणि वाचनालयातल्या दर मंगळवारच्या संगणक वर्गात ती मला दाखवू लागली. असं करायचं नाही, हे शिकवायला. बाणाची तारांबळ बघून लोकांची मुरकुंडी वळे. मीही फुशारले. आता त्याची लाज वाटते.

दोन वर्षांनी ऑसेच हट्टाने थोरकिलना वर्गात घेऊन आली. कॉफी झाली आणि समोर कोण बसलंय हे न बघताच मायब्रिटने नेहमीसारखं मला सुरू केलं. ऑसेला शेजारी बसलेली कर्स्टीन सांगू लागली, "बाण कोपऱ्यात गेला. अगं, परत आला. आता बघ, हा सगळी यादी उडवणार."

ऑसे खळखळून हसली. "कोण गं हा ठोंब्या? बायको बिचारी घरी वाट बघत असेल."

थोरकिल मान खाली घालून बसले होते.

"कोण जाणे. पुस्तकं तर ऐक कसली," म्हणत कर्स्टीन वाचू लागली. "दीपगृहातला हिवाळा. मधमाश्यांचं दुखणं. बेकरीवाल्याच्या तीन मुली."

ऑसेचं हसू थांबलं. "थोरकिल, ही पुस्तकं वाचनालयात नाहीतच म्हणालास ना? दोन वर्षं तेच सांगतोयस मला."

सगळे वळून बघू लागले. मला मात्र कुणी थांबवलं नाही. माझा बाण 'सगळं काढा'वर गेला आणि मागच्या रांगेत कुणीतरी सवयीने हसलं. थोरकिलनी हात पुढे केला. तो ऑसेने झटकला आणि खुर्च्या चाचपडत ती एकटीच दाराकडे गेली.

पुढच्या मंगळवारी मायब्रिटने पुस्तकांची नावं तेवढी पुसट केली आणि मला पुन्हा लावलं. लोक त्याच जागी हसले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी कळवळून सांगते, मला जपू नका. माझ्यात ज्याची फजिती आहे तो माणूस अजून याच गावात राहतो. मला पुसून टाका.