वाकडा खांब

"बाई, त्याला हात नका ना लावू," वर्गातली चष्मेवाली मुलगी म्हणाली. पण बाईंचा हात लागलेला होता.

चित्रकलेच्या बाईंचा तो हात शाळेत प्रसिद्ध होता. कुणाच्या घोड्याचा पाय वाकडा दिसला, की बाई पेन्सिल घेऊन बाकावर वाकायच्या आणि तो सरळ करून द्यायच्या. मुलं खूश, पालक खूश. घोडा मात्र बाईंचा व्हायचा. यंदा शाळेत भिंतीएवढा पडदा आला. मुलांनी आपापल्या टॅबवर काढायचं आणि सगळ्यांचं मिळून एकच चित्र पडद्यावर उमटायचं. हे संगणकाच्या सरांचं नवीन खूळ आहे, असं बाईंनी दोन-तीनदा बोलूनही दाखवलं होतं. पण एकदा, कशात मन न घालणाऱ्या ठेंगूने शेजारच्या बडबडीने काढलेल्या झाडावर माकड बसवलं, बडबडीने माकडाच्या हातात छत्री दिली, आणि दोघं हसून हसून बेजार झाली. तेव्हापासून बाईंनी तो तास स्वतःकडे मागून घेतला होता.

मोठ्या बाईंना मात्र ते पटलेलं नव्हतं. "आज पालक येतायत. चित्र धड दिसलं तर तास ठेवू. नाहीतर आपला जुना कागद बरा," असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

'धड' हा शब्द बाईंच्या डोक्यात बसला. मधल्या सुट्टीत त्यांनी मुलांचा पूल सपाट केला, खिडक्या एका रेषेत आणल्या. राहिला होता चष्मेवालीचा दिव्याचा खांब, चांगलाच कललेला. तेवढ्यात मुलं वर्गात आली. बाईंनी खोडायचं बटण दाबलं. पडद्याने काहीतरी विचारलं. स्वतःचा चष्मा पर्समध्ये होता, म्हणून बाईंनी आपलं 'हो' म्हणून टाकलं.

पडदा पांढराफटक झाला.

चष्मेवालीने सगळी बटणं दाबून पाहिली. सर रजेवर होते. चित्र काही परत येईना.

बाई खुर्चीत मटकन बसल्या. "माझं चुकलं रे," त्या म्हणाल्या. "कागद देते. जमेल तसं आपापलं काढा."

"बाई, बडबडीचं झाड मला पाठ आहे," ठेंगू म्हणाला.

"आणि याचं माकड मला," बडबडी म्हणाली. "याला स्वतःला आठवणार नाही, बघा."

"पुलावर गाढव होतं ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"पुलाखाली होतं. वर चढलं तर पूल मोडेल म्हणून."

सगळे एकदम टॅबवर तुटून पडले. स्वतःचं कुणालाच नीट आठवत नव्हतं, शेजाऱ्याचं मात्र शेपटीसकट लक्षात होतं. बाईंचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत अडकवून घट्ट धरले.

चित्र भरत गेलं. पूल पुन्हा पोटातून खचला, खिडक्या वरखाली झाल्या. बाईंनी सरळ केलेलं काही म्हणता काही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बाईंना वाईट वाटलं. सरळ केलेले ते सगळे घोडे आठवले. ठेंगूने चष्मेवालीचा खांब काढला तोही वाकडाच.

"वाकडा का रे हा?" बाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाच नव्हता.

"खाली मांजरीची पिल्लं आहेत ना," उत्तर चष्मेवालीने दिलं. "तो वाकून त्यांना उजेड देतोय."

संध्याकाळी पालक चित्रासमोरून हलेनात. "यातलं तुझं कुठलं?" असं जो तो विचारायचा आणि मूल भलत्याच मुलाकडे बोट दाखवायचं. माझं त्याने काढलंय, त्याचं मी. पालक त्या मुलाला शोधून त्याच्याशी बोलायला लागले. वर्गात नुसता कलकलाट झाला.

मोठ्या बाई बराच वेळ खांबाखालच्या पिल्लांकडे बघत होत्या. "तास राहू दे तुमचा," त्या शेवटी म्हणाल्या. "पण यात तुमचं काय आहे, बाई?"

"पुसलं तेवढं माझं," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई हसल्या. बाईही हसल्या. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते.