लगेच आली ती

अस्वलाने पहलमानला उताणं पाडलं आणि छातीवर पंजे रोवून त्याच्या गालाचा लचका तोडला. जसमती दहा पावलांवर उभी होती. गुरांसाठी डहाळ्या छाटत असलेला तिचा हात तसाच थांबला होता. खुकुरी हातातच होती.

"जसमती!" तिचा नवरा, पहलमान, ओरडला.

खुकुरी माहेरची. तिथल्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून ठोकून काढलेली, वाकडी, पुढे जड. अकरा वर्षं तिने त्याच पात्याने लाकडं फोडली होती, कोंबड्या कापल्या होत्या, बांबू सोलले होते. हात उचलायचा अवकाश, बाकीचं काम पात्याचं वजनच करायचं.

हात उचलला गेला नाही.

परवा नाचणीची दारू पिऊन आलेल्या पहलमानने जळकं लाकूड उचलून तिच्या तोंडावर मारलं होतं. पुढचे दोन दात तिने राखेत थुंकले होते. आता तिची जीभ आपोआप त्या खाचेत गेली. समोर अस्वलाचा पंजा त्याच्या कपाळावरून मागे ओढला गेला आणि केसांसकट कातडी सुटली. त्याचं ओरडणं थांबलं. एकच डोळा शाबूत होता, तो तिच्याकडे बघत होता. त्यात विनवणी नव्हती. त्याला कळलं होतं, एवढंच.

मग ती धावली.

पहिला घाव मानेवर बसला, पण चरबीतच रुतला. अस्वल वळलं, त्याने तिचा खांदा फाडला. दुसरा घाव नाकाडावर. तिसऱ्याने पुढचा पाय सांध्यातून लोंबू लागला. गुरगुरत ते घळीत घसरलं. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मरून पडलेलं सापडलं.

तिने चारा वाहायची बांबूची टोपली उपडी केली, नवऱ्याला मुडपून आत बसवलं, टोपलीचा पट्टा कपाळाला लावला आणि उतार उतरू लागली. गाव येईपर्यंत त्याचं रक्त तिच्या पाठीवरून टाचांपर्यंत पोचलं होतं.

गावकऱ्यांनी त्याला पुढे इस्पितळात नेलं. महिन्याने तो परतला तेव्हा तोंड शिवलेलं होतं, एक डोळा कायमचा मिटलेला, आणि शब्द ओठांच्या एकाच कोपऱ्यातून येत होते. त्याला बघायला आलेली माणसं जसमतीलाच बघत बसली. खुकुरी हातोहात फिरली. पलटणीतून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले की, आम्ही हिला कमरेला लावून सतरा वर्षं पेन्शनची वाट बघितली, वापरली ती सुनेने. सगळे हसले. जसमती चहा देत राहिली.

माणसं पांगल्यावर घरात तिघंच उरली. सासू चुलीपाशी पेज ढवळत होती. महिनाभर तिने काही विचारलं नव्हतं. आज ती सुनेकडे न बघता मुलाला म्हणाली, "मी तेव्हाच वर रानात जाऊन आले होते. तुम्ही दोघांनी छाटलेल्या चाऱ्याचे ढीग शेजारी शेजारी होते."

"मग?" पहलमान म्हणाला.

"मग एवढं होईस्तोवर ही कुठे होती?"

"लगेच आली ती."

"अर्धं तोंड गेलं तुझं."

"लगेच आली म्हटलं ना, आमा."

जसमतीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"नाही आमा," ती म्हणाली. "उभी होते मी. बघत होते."

पहलमानने तोंड भिंतीकडे केलं. चुलीत ओलं लाकूड चरचरत होतं. म्हातारीने पळी हलवणं थांबवलं. तिचं डावं मनगट फार पूर्वी मोडून वाकडं बसलं होतं. तिचा नवरा हयात असताना मोडलं होतं ते; कसं, हे घरात कुणी विचारत नसे. उजव्या हाताने तिने ते मनगट धरलं.

मग तिने पेजेचा पहिला वाडगा भरला आणि सुनेपुढे सरकवला.

"तू खा आधी," ती म्हणाली. "त्याला मी भरवते."